सांगोला मतदारसंघ : भूगोल आणि मतदान

'बालेकिल्ला' हा फारसी मुळाचा शब्द मराठीच्या राजकीय परिभाषेत चांगलाच रूढ झालेला आहे. गडाचा सर्वांत उंच व दुर्भेद्य भाग हा त्याचा मूळ अर्थ. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला विधानसभा मतदारसंघास शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला म्हणण्याची प्रथा आहे. परंतु तेथील मतदानाचा इतिहास तपासला असता या शब्दाने जितके सांगितले जाते तितकेच झाकलेही जाते, असे दिसून येते.

प्रथम भूमीचा विचार करणे इष्ट होय. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माणदेशाचा हा पूर्वेकडील भाग. सातारा जिल्ह्यात उगम पावलेली माण नदी आटपाडीवरून सांगोला तालुक्यात येते व पुढे भीमेस मिळते. तथापि वर्षातील बराच काळ तिचे पात्र कोरडेच असते. शेजारच्या माळशिरसला नीरा उजव्या कालव्याने व पंढरपूरला भीमेच्या, आणि पुढे उजनी धरणाच्या, पाण्याने ऊस दिला. उसामागून साखर कारखाना आणि कारखान्यामागून सत्ता, असा पश्चिम महाराष्ट्रातील क्रम सर्वपरिचित आहे. सांगोल्याच्या वाट्यास पाणी अपुरे आल्यामुळे हा क्रम तेथे तसाच घडला नाही. ज्वारी-बाजरी, शेळ्यामेंढ्या व पुढील काळात डाळिंब यांवर जगणाऱ्या या मुलखात पाण्याची मागणी हाच राजकारणाचा गाभा राहिला.

ही मागणी ज्यांनी आयुष्यभर मांडली ते गणपतराव देशमुख 1962 साली प्रथम निवडून आले आणि 2014 साली अकराव्यांदा विजयी झाले. 1967, 1974 ची पोटनिवडणूक, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004 व 2009 या त्यांच्या मधल्या विजयांच्या निवडणुका होत. 1978 व 1999 मध्ये त्यांना मंत्रिपदही लाभले. अकरा हा आकडा सर्वतोमुखी आहे. मात्र तो अखंड नाही. 1972 साली त्यांचा पराभव झाला. 1995 साली शहाजीबापू पाटील यांनी काँग्रेसच्या वतीने त्यांना अवघ्या 192 मतांनी हरविले. म्हणजेच गडाच्या तटाला भगदाडे पडत होती व ती पुन्हा बुजविली जात होती. हे बुजविण्याचे काम केवळ व्यक्तिनिष्ठेने झाले, असे मानणे अपुरे ठरेल. 1990 नंतरच्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासमवेत देशमुखांनी आटपाडी येथील पाणी परिषदांतून कृष्णेच्या पाण्याच्या समन्यायी वाटपाचा आग्रह धरला. कृष्णेचे पाणी उपसा करून दुष्काळी तालुक्यांना देणाऱ्या टेंभू योजनेच्या लाभक्षेत्रात सांगोल्याचाही समावेश आहे.

2019 साली वार्धक्यामुळे देशमुख उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू अनिकेत देशमुख यांचा शहाजीबापू पाटील यांनी, या वेळी शिवसेनेच्या वतीने, 768 मतांनी पराभव केला. प्रतिस्पर्धी तोच, पक्ष मात्र निराळा! यावरून सांगोल्यातील मतदार दोन पक्षांत नव्हे, तर दोन स्थानिक गटांत विभागलेला आहे, असे अनुमान निघते. गणपतराव 2021 साली निवर्तले. 2024 साली दुसरे नातू बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. त्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाला संपूर्ण राज्यात मिळालेली ती एकमेव जागा होती.

राज्यभर क्षीण झालेला पक्ष एका कोरड्या तालुक्यात टिकला, याचे श्रेय नेत्याच्या साधेपणास देण्याची रीत आहे. तो साधेपणा खराच. पण 192 आणि 768 हे आकडे वेगळीच साक्ष देतात. येथील मतदाराने आपले मत कोणासही कायमचे बहाल केलेले नव्हते. प्रत्येक वेळी ते नव्याने मिळवावे लागले, आणि मिळविण्याचे साधन बहुतांशी पाणी हेच होते. पाणी शिवारात पोहोचल्यावर ही निष्ठा कोणते रूप घेईल, हा यापुढील अभ्यासाचा खरा विषय होय. त्यासाठी 'बालेकिल्ला' या शब्दाचा मोह प्रथम सोडावा लागेल.