कर्जरोख्यापासून नोंदणीपत्रापर्यंत

१२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें गांवीं सावकारांच्या दुकानांवर लोक तुटून पडले. हें गांव आज बारामती तालुक्यांत मोडतें. तेथून पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या दप्तरावर अधिक होता. रोखे हातीं आले कीं ते जाळावयाचे, असा बहुतेक ठिकाणचा क्रम. ज्या मुलुखानें कागदास असें वैरी मानलें, त्याच मुलुखांतील शेतकरी तीन पिढ्यांनंतर दुसऱ्या एका कागदावर आपखुषीनें सह्या करूं लागले. हा पालट कसा झाला, हें पाहणें बोधप्रद आहे.

वस्तुतः दोष कागदाचा नव्हता. रोख्याच्या एका बाजूस भांडवल होतें, दुसऱ्या बाजूस एकटा माणूस. १८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशास रोख्यामागील व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार दिला; पण शेतकऱ्याचें एकटेपण त्यानें गेलें नाहीं. तें घालविण्याचा उपाय १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यांत प्रथम दिसतो. दहा माणसांनीं एकत्र येऊन नोंदणी केली कीं कायद्याच्या दृष्टीनें एक अकरावी व्यक्ति जन्मास येते. ती कर्ज काढते, मालमत्ता बाळगते, फिर्याद करते. आणि सभासद मेले तरी मरत नाहीं. १९१२ मध्यें पतपेढीखेरीज इतर संस्थांनाहि ही वाट मोकळी झाली. १९१९ च्या सुधारणांनीं हा विषय प्रांतांकडे आला, आणि १९२५ मध्यें स्वतःचा सहकारी कायदा करणारा मुंबई हा पहिला प्रांत ठरला.

इकडे १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू रानांत पोहोंचलें होतें. पाण्यामागून ऊंस आला, व उंसामागून गुऱ्हाळें. १९३२ मध्यें साखरधंद्यास संरक्षण मिळतांच कारखान्यांस बरकत आली. इंदापूर तालुक्यांत कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांचें वालचंदनगर उभें राहिलें. हें काम कंपनीच्या रूपानें झालें, आणि त्या ओसाड माळावर त्यानें जें घडविलें त्याचें श्रेय नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु कंपनींत मत मोजलें जातें तें भागांवर, माणसांवर नव्हे. शिवाय तोडलेला ऊंस थांबत नाहीं. दिवसागणिक त्यांतील साखर घटते. म्हणून ज्याच्या हातीं चरक, त्याच्या हातीं भाव. सुप्याच्या दुकानांतील जुना प्रश्न येथें नव्या वेषांत उभा राहिला.

त्याचें उत्तर नगर जिल्ह्यांतील प्रवरेच्या कांठीं मिळालें. विठ्ठलराव विखे व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें तेथील सहकारी कारखान्याचें गाळप १९५० मध्यें सुरू झालें. पुढील पंधरा वर्षांच्या आंत माळेगांव, भवानीनगर व सोमेश्वरनगर येथें नीरेच्या कालव्यावरील शेतकऱ्यांनीं तोच मार्ग धरला. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचें ३६ वें कलम या संस्थांस अखंड परंपरा व स्वतःची मोहोर देतें. २७ वें कलम भाग कितीहि असोत, सभासदास एकच मत देतें. माझ्या मतें पहिल्या कलमाहून दुसरें अधिक मोलाचें आहे. अमर व्यक्ति कंपनीच्या कायद्यानेंहि निर्माण होते; लहान शेतकऱ्यास मोठ्याच्या बरोबरीस बसविण्याचें काम मात्र सहकारी कायद्यानें केलें.

तथापि जो कायदा जन्म देतो तो लगामहि ठेवतो. या कारखान्यांत सरकारचें भागभांडवल आलें, कर्जांस सरकारची हमी आली, आणि संचालक मंडळ दूर सारून प्रशासक नेमण्याचा अधिकारहि कायद्यांत आहे. राज्यांतर्गत सहकारी संस्था हा राज्यांचाच विषय आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२१ मध्यें ९७ व्या घटनादुरुस्तीच्या निकालांत पुनः स्पष्ट केलें. मालकी कोणाची, याचा निर्णय मात्र न्यायालयांत लागत नाहीं. वार्षिक सभेस न जाणारा, हिशेब न विचारणारा, मत केवळ भावकीस देणारा सभासद "आमचा कारखाना" म्हणतां म्हणतां "त्यांचा कारखाना" म्हणूं लागतो. आणि मग तो पुनः एकटा होतो.

सुप्याच्या शेतकऱ्यास रोखा वाचतां येत नव्हता, म्हणून त्यानें तो जाळला. त्याच्या पणतवास नोंदणीपत्र व अहवाल दोन्ही वाचतां येतात. तो वाचतो कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.