माळ्यावरच्या पंख्याचे पूर्वज

गोदामाच्या नाहीतर मंगल कार्यालयाच्या पत्र्यावर गरगर फिरणारा चकचकीत गोळा सगळ्यांनी पाहिला आहे. दुकानात त्याला टर्बो व्हेंटिलेटर म्हणतात. वीज लागत नाही. वारा त्याला फिरवतो आणि छपराखालची तापलेली हवा बाहेर पडते. रायगडमधल्या म्हसळ्यासारख्या खाडीकाठच्या गावात घराला असलं यंत्र का लागावं, हे शोधायला निघालं की वाट जुन्या कौलांपाशी जाते.

नळीच्या कौलांच्या घराला पंखा लागतच नव्हता. कुंभाराचे नळे एकमेकांवर नुसते ठेवलेले. त्यांच्या फटींतून माजघराची ऊब आणि चुलीचा धूर आपसूक वर निघून जाई. धुराने वासे काळे पडत, पण कीड दूर राही. वर ऊन तापलं तरी माळ्याच्या फळ्या खालच्यांना झळ लागू देत नसत. फुकट मात्र काहीच नव्हतं. माकडं नळे सरकवत आणि पावसाआधी दरवर्षी घर शाकारावं लागे. आज त्या घरांची आठवण काढणारे ही शाकारणी सोयीस्कर विसरतात.

१८६५ साली बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या गेऑर्ग प्लेब्स्टने मंगळूरला नेत्रावतीकाठी, जेप्पूत, कौलांचा कारखाना काढला. खाचेत खाच बसणारं हे कौल समुद्रमार्गे किनाऱ्यावर पसरलं. छप्पर हलकं झालं, फटी मात्र कमी झाल्या. मग उजेडासाठी काचेचं कौल आलं आणि हवेसाठी तोंड असलेलं वेगळं कौल. माझ्या मते आपल्याकडच्या माळ्याच्या पंख्याचा खरा आजा हाच.

पंख्याचं दुसरं घराणं परदेशी. एसी घरोघर पोचण्याआधी अमेरिकेच्या दक्षिणेत माळ्याशी मोठा विजेचा पंखा बसवत. संध्याकाळी खिडक्या उघडायच्या. पंखा बाहेरची गार हवा घरभर ओढून माळ्यावाटे सोडी. १९२०च्या दशकात फिनलंडच्या सिगुर्ड साव्होनियसने उभ्या आसावर फिरणारं वाऱ्याचं चक्र बनवलं. तशी चक्रं पुढे गाड्यांच्या टपांवर हवा खेचू लागली. आपला टर्बो त्याच जातकुळीतला.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्यात कौलं फुटली, पत्रे उडाले. कौलाच्या जागी पत्रा आणि स्लॅब येणं आधीच सुरू होतं. वादळानंतर कौलाची बाजू घेणं आणखी कठीण झालं. स्लॅब गळू नये म्हणून त्यावर पत्र्याची शेड चढते. हा कोकणाचा नवा माळा! चारही बाजूंनी उघडा असेल तर वाऱ्याने स्लॅब निवतो, पंख्याची गरजच नाही. पण त्याच शेडला भिंती घालून खोली काढली की पत्रा दिवसभर तापतो आणि आतल्या हवेला वाट उरत नाही. टर्बो लागतो तो इथे.

तोही एकट्याने भागवत नाही. आत यायला हवा नसेल तर बाहेर जाणार काय? वळचणीखाली जाळी बसवून मोकळी जागा ठेवावी लागते. ऑक्टोबरच्या उकाड्यात वारा पडला की टर्बो मंदावतो. तिथे विजेचा एक्झॉस्ट बरा. दमटपणा यांपैकी कशानेच जात नाही. आणि पत्र्याला भोक पाडायचं तर त्याची कड पावसाळ्याआधी, अनुभवी माणसाकडूनच बंद करून घ्या.