एका लोकनामाची अधोगती

इंग्रजीतील 'स्लेव्ह' म्हणजे गुलाम, हे शाळकरी पोरासही ठाऊक असते. फ्रेंच 'एस्क्लाव्ह', जर्मन 'स्क्लावे', इटालियन 'स्कियावो' ही त्याचीच भावंडे. परंतु हा शब्द मुळी गुलामाचा नव्हेच. ते एका मोठ्या लोकसमूहाचे नाव आहे.

पूर्व युरोपातील स्लाव लोक स्वतःस 'स्लोव्हेने' म्हणवीत. हे नाव 'स्लोवो', म्हणजे शब्द, यावरून आले असे बहुतेक भाषापंडित मानतात. आपली बोली बोलणारे ते आपण. आणि ज्यांचे बोलणे उमगत नाही ते शेजारचे जर्मन 'नेमेत्स', म्हणजे मुके! 'स्लोवो'चाच धातू आमच्या संस्कृत 'श्रवस्'मध्ये आहे. त्याचा अर्थ कीर्ती, आणि रशियन 'स्लावा'चाही तोच. सहाव्या शतकात ग्रीकांनी या नावात एक 'क' घुसडला, आणि त्यातून लॅटिन 'स्क्लावुस' निघाला.

मग नावाचे ग्रह फिरले. दहाव्या शतकात, पहिल्या ऑटोच्या अमदानीत (९३६–९७३), जर्मन सरदारांनी एल्बे नदीपलीकडील स्लाव मुलूख जिंकला. तेथील बंदिवान अरबी अंमलाखालच्या स्पेनपर्यंत विकले जात. अरबांनी त्यांना 'सकालिबा' म्हटले. लॅटिनात गुलामाला शब्द नव्हता काय? होता, 'सर्वुस'. पण तोवर तो जमिनीला जखडलेल्या कुळाला लागू झाला होता. 'सर्फ' त्यातूनच आला. बाजारात उभ्या केलेल्या माणसाला निराळे नाव हवे होते. व्यापाऱ्याने ते मालाच्या मुलखावरून दिले. आपण 'चिनी माती' म्हणतो तसे! आम्हांस बोचते ते हे, की विकणाऱ्याचे नाव शब्दाला चिकटले नाही. विकला गेला त्याचे चिकटले.

व्हेनिसमध्ये राजवाड्यालगतच्या धक्क्याला आजही 'स्कियावोनीं'चे नाव आहे. तेथे मात्र अर्थ गुलाम नव्हे. डाल्मेशियाकडून गलबते घेऊन येणारे स्लाव व्यापारी. आणि त्याच शहरात 'मी आपला गुलाम' हे अदबीचे वचन झिजत झिजत 'चाओ' झाले. आपल्या अर्जाखालचा 'आज्ञाधारक सेवक'ही त्याच कुळीचा, पण तो बिचारा इतका सुटसुटीत झाला नाही.

खुद्द स्लावांचा गुलामासाठीचा शब्द वेगळाच: रशियन 'राब', सर्बियन 'रोब'. त्याच मुळाचा चेक शब्द 'रोबोता', म्हणजे वेठ. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या नाटकात माणसासाठी राबणारी कृत्रिम माणसे आणली आणि त्यांना या वेठीवरून 'रोबोट' म्हटले. हा शब्द त्याला त्याचा भाऊ योसेफ याने सुचविला होता.