वडिलोपार्जित बंदुकीची निगा

खंडेनवमीला शस्त्रे स्वच्छ करून पूजण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरालगतच्या केडगावात रेणुकामातेच्या नवरात्राबरोबर तिचीही आठवण होते. या परिसराला शस्त्रनिर्मितीचाही इतिहास आहे. विजापूरची प्रसिद्ध ‘मुलुख-ए-मैदान’ तोफ १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी याने अहमदनगर येथेच ओतली. तलवार पुसून पूजेला मांडणे सोपे असते. बंदुकीचे तसे नाही. तिच्या पोटात काय आहे, हे बाहेरून दिसत नाही.

बंदुकीचे प्रकार

जुन्या बंदुका मुख्यत्वे तीन प्रकारच्या आढळतात. तोड्याच्या बंदुकीत जळती वात रंजकीवर टेकवली जाते. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते. टोपीच्या बंदुकीत घोडा स्फोटक टोपीवर आपटतो. या बहुतेक ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू व गोळी भरण्याच्या असतात. काडतुसाच्या बंदुका त्यानंतरच्या.

पहिली खात्री

कोणतीही जुनी बंदूक भरलेलीच आहे, असे समजून हाताळावी. नळीचे तोंड माणसांकडे नसावे, मुले जवळ नसावीत आणि दिवा, उदबत्ती दूर असावी. सोरा, गंधक व कोळसा यांची कोरडी दारू अनेक दशकांनंतरही पेट घेऊ शकते. ठासणीच्या बंदुकीवर टोपी अथवा रंजक नाही, हे आधी पाहावे. मग लाकडी काठी नळीत अलगद तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करावी आणि तीच काठी बाहेरून नळीला लावावी. काठीचे टोक बत्तीच्या छिद्राच्या बरेच अलीकडे थांबत असेल, तर आत बार असण्याची शक्यता धरावी. या वेळी चेहरा वा हात नळीच्या तोंडासमोर आणू नये. बारची शंका येताच काम थांबवावे. तो उकरणे, तापवणे किंवा उडवून पाहणे जिवावर बेतू शकते. पोलीस ठाण्याला कळवून परवानाधारक कारागिराची मदत घ्यावी.

सुटे करताना

बंदूक रिकामी असल्याची खात्री झाल्यावर प्रथम गज काढावा, नंतर कळीचे स्क्रू व शेवटी नळी दस्त्याला धरून ठेवणारी कडी किंवा खिळ्या. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू क्रमाने मांडावेत. हाताने घडवलेल्या बंदुकीतील एकाचा स्क्रू दुसऱ्या जागी बसेलच असे नाही. खाचेत नीट न बसणारा पेचकस वापरल्यास स्क्रूचे डोके कुरतडते. गंजून घट्ट झालेला स्क्रू जोराने फिरवू नये. कळीच्या आतील कमान ताणलेली असते. ती सोडवणे कारागिराचेच काम. तारेने किंवा चामड्याने बांधलेली नळी तर उकलूच नये, कारण ते बंधन पुन्हा तसे बसवता येत नाही.

स्वच्छता आणि साठवण

जुन्या बंदुकीचे नुकसान गंजापेक्षा अतिउत्साहानेच अधिक होते. पॉलिश कागदाने घासल्यास नळीवरील पोलादाची नक्षी, सोन्याचांदीचे काम आणि कारागिराची खूण पुसली जाते. गडद, स्थिर तपकिरी थर काढू नये. भुगा पडणारा लाल गंज मात्र खनिज तेल लावून मऊ कापडाने हळूहळू पुसावा. दारूची काजळी ओलावा शोषते व लोखंड खाते. ती पाण्याने विरघळते, केवळ तेलाने नाही. म्हणून दस्त्यापासून वेगळी केलेली नळी ओलसर कापडाने पुसून पूर्ण कोरडी करावी व मगच तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल किंवा गोडे तेल वापरू नये. ते कालांतराने चिकट होते. लाकडाला मेणाचा पातळ थर पुरतो. घामातील मीठ धातूवर राहते, म्हणून हातमोजे घालावेत. चामड्याच्या म्यानात बंदूक कायम ठेवू नये, त्यात ओल साचते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पाहणी करावी.

कायदा काय सांगतो?

शस्त्र कायदा, १९५९ नुसार अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना लागतो; ते वारशाने आले म्हणून सूट नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे ठेवता येतात. परवानाधारकाचे निधन झाल्यास वारसाने शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुरातन किंवा मोडलेल्या शस्त्रांना सूट आहे. परंतु दुरुस्त करूनही ते चालणार नसेल तरच. बंदूक या सूटीत बसते असे घरच्या घरी गृहीत न धरता पोलीस व जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा. बिघडलेली बंदूक चालू करणे ही ‘दुरुस्ती’ ठरते व त्या व्यवसायालाही परवाना लागतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू कायदा, १९७२ च्या कक्षेत येऊ शकते व ती परदेशी नेण्यावर बंदी आहे.

पूजेसाठी बंदूक चालू स्थितीत असण्याची गरज नसते. ती रिकामी, कोरडी, नोंदलेली आणि कुलपात असली, की पूर्वजांचा ठेवा पुढच्या पिढीच्या हाती निर्धोकपणे जातो.