तुर्भ्याची भट्टी आणि तिचे पाहुणे



1954 च्या ऑगस्टची दुसरी तारीख आम्हां सिल्वासावासीयांना कोणी सांगावी लागत नाही. त्या दिवशी हे गाव पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारचे अणुऊर्जा खाते स्थापन झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काडीइतकाही संबंध नाही. तथापि वर्गात सनावळी सांगताना मी त्या जोडीनेच सांगतो, म्हणजे मुले विसरत नाहीत. आज बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या घटनेतून निघालेल्या, फारसा गाजावाजा न झालेल्या एका कार्याविषयी.

4 ऑगस्ट 1956 रोजी मुंबईत तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. अणुभट्टी म्हटली की आपल्याला वीज आठवते, नाहीतर बाँब. परंतु भट्टीतून न्यूट्रॉनांचा झोतही बाहेर काढता येतो. न्यूट्रॉनाला विद्युत्भार नसतो. त्यामुळे तो धातूच्या ठोकळ्यातही खोल शिरतो आणि आतील अणूंवर आदळून विखुरतो. तो कोणत्या कोनातून व किती वेगाने बाहेर पडला हे मोजले, की ते अणू कसे रचले आहेत आणि कसे थरथरतात ते उमगते. क्ष-किरणांना जवळजवळ न दिसणारा हायड्रोजनही त्याला दिसतो.

ही विद्या पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार या तरुणाने कॅनडात चॉक रिव्हर येथे बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याजवळ राहून आत्मसात केली. जर्मेनियम स्फटिकातील कंपनांवरील त्या दोघांचा निबंध 1958 मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रॉकहाउस यांना पुढे 1994 साली नोबेल पारितोषिक मिळाले. अय्यंगार मायदेशी परतले आणि तुर्भ्यातच उपकरणे घडू लागली. 1960 साली ‘सायरस’ ही 40 मेगावॅटची भट्टी आल्यावर झोत प्रखर झाला. राजगोपाल चिदंबरम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिनो आम्लांतील हायड्रोजनची नेमकी जागा निश्चित केली. त्याच दशकात भारताने फिलिपाईन्सला न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर दिला आणि शेजारच्या देशांतील संशोधकांना तो चालवण्यास शिकवले.

मात्र एक गोष्ट मला खटकत आली आहे. मनिलाचा संशोधक जे आपल्याकडून शिकला, त्याच्या आसपास आपल्याच विद्यापीठांतील प्राध्यापकाला फिरकणे सोपे नव्हते. सुरक्षिततेची कारणे होती, हे मान्य. पण अणुभट्टी काही कॉलेजच्या आवारात बांधता येत नाही. 1985 साली ‘ध्रुव’ ही 100 मेगावॅटची भट्टी सुरू झाली, आणि 1990 च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने अणुऊर्जा खात्याशी सहकार्य करून इंदूरला मुख्यालय असलेला आंतरविद्यापीठ संघ स्थापला. अप्सरेपासून मोजल्यास चौतीस वर्षे लोटली होती! त्या संघाने मुंबईत केंद्र काढले, ध्रुवावर स्वतःचे उपकरण उभारले आणि पाहुण्या संशोधकांच्या प्रवासाची व निवासाची तरतूद केली.

सायरस 31 डिसेंबर 2010 रोजी कायमची विझली, तेव्हापासून मुख्य भार एकट्या ध्रुवावर आहे. झोत मोजका, मागणारे पुष्कळ. म्हणून अर्ज करून पाळीची वाट पाहावी लागते. पाळी आली, की दूरच्या एखाद्या विद्यापीठातला विद्यार्थी आपल्या पदार्थाची काही ग्रॅम पूड घेऊन तुर्भ्याच्या फाटकाशी उभा राहतो. ती पूड व्हॅनेडियमच्या पातळ नळीत भरतात, कारण हा धातू स्वतःची खूण मोजमापात फारशी उमटू देत नाही. नळी झोतात बसवली जाते, आणि मग रात्रभर एकेक न्यूट्रॉन मोजला जातो.