लाइट आली तरी स्क्रिप्ट बंदच? रास्पबेरी पायवर 'सर्व्हिस' अशी बनवा

पोल्ट्री शेडचं तापमान मोजून मोबाईलवर मेसेज टाकणारी पायथन स्क्रिप्ट काही पोरं आता घरीच लिहितात. पण रात्री लाइट जाऊन आली की रास्पबेरी पाय चालू होतो, स्क्रिप्ट मात्र बंदच. मेसेज नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून आपण झोपतो आणि तिकडे पक्षी धापा टाकत असतात.

रास्पबेरी पायच्या लिनक्समध्ये 'सिस्टमडी' आधीपासूनच असतं. मोटरीच्या ऑटो स्टार्टरसारखं त्याचं काम: लाइट आली की चालू करायचं, बंद पडलं की पुन्हा उचलायचं.

त्यासाठी 'ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम' या फोल्डरमध्ये 'शेड.सर्व्हिस' नावाची फाइल बनवा. (इथले सगळे शब्द टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच.) फाइलचे तीन भाग. 'युनिट'मध्ये फक्त वर्णन. 'सर्व्हिस'मध्ये 'एक्झेकस्टार्ट=' पुढे पायथनचा आणि स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता; अर्धवट पत्ता चालत नाही, बहुतेक गाडी इथेच अडते. 'यूजर=' पुढे आपलं साधं नाव द्या, रूट नको. 'इन्स्टॉल'मध्ये 'वाँटेडबाय=मल्टी-यूजर.टार्गेट'.

'सर्व्हिस' भागातच आणखी दोन ओळी हव्यात: 'रीस्टार्ट=ऑलवेज' आणि 'रीस्टार्टसेक=१०'. दुसरी विसरू नका. लाइट आल्यावर राउटरला नेट पकडायला वेळ लागतो, तोवर स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा पडते. १० सेकंदांत ५ वेळा सुरू करूनही टिकली नाही, तर सिस्टमडी नाद सोडून देतं. मध्ये १० सेकंद थांबलं की ही वेळ येत नाही.

आता 'सूडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड', मग 'सूडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ शेड'. नुसतं 'स्टार्ट' दिलं तर आजच्यापुरतंच चालेल. 'सूडो रीबूट' करून 'सिस्टमसीटीएल स्टेटस शेड' बघा. लाल अक्षरात 'फेल्ड' दिसलं तर 'जर्नलसीटीएल -यू शेड' मध्ये कारण सापडतं.

स्क्रिप्ट पंखा किंवा मोटरही चालवत असेल, तर सुरुवातीला रिले बंदच राहील असं लिहा. कुणाचा हात वायरीवर असताना लाइट आली तर जीवाशी खेळ.

लाइट नसताना मात्र पायही बंद, म्हणून त्याला आणि राउटरला छोटा यूपीएस लावा. शिवाय चालू असूनही अडकून पडलेली स्क्रिप्ट सिस्टमडीला कळत नाही. तेव्हा दर तासाला 'चालू आहे' एवढा मेसेज पाठवायला लावा. तो चुकला की उठून शेडवर जायचं.