मांडीवरचा संगणक टेबलावर कसा आला?

'लॅप' म्हणजे मांडी. मांडीवर मावतो तो लॅपटॉप, असे आपण मुलांना सहज सांगून जातो. पण ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या घरात 'गेमिंग लॅपटॉप' म्हणून विकला जाणारा संगणक पाहिला, तर ही व्युत्पत्ती खोटी ठरते. अडीच किलोचे ते यंत्र खिडकीजवळच्या टेबलावर एका जागी बसलेले असते. मागून निघालेली वायर भिंतीपर्यंत गेलेली, तिच्या मध्ये विटेएवढा अ‍ॅडॉप्टर, शेजारी वेगळा मॉनिटर, वेगळा कीबोर्ड आणि माउस. महिनोन्‌महिने ते जागचे हलत नाही. मग टेबलाखाली ठेवायचा मोठा डबाच का घेतला नाही? प्रश्न वरवर बाजारातला वाटतो. त्याचे उत्तर मात्र उष्णता, वीज आणि आपल्या घरांची लांबी-रुंदी यांत आहे. ते शोधायला थोडे मागे जावे लागेल.

टेबलाखालच्या डब्याला आपल्याकडे सगळे 'सीपीयू' म्हणतात. खरे तर सीपीयू ही त्या डब्यातली बिस्किटाएवढी एक चिप. पण शब्द रुळला आहे, तेव्हा आम्हीही इथे 'डबा' आणि 'चिप' एवढाच भेद ठेवतो.

उचलून नेता येईल असा आणि बाजारात बऱ्यापैकी खपलेला पहिला संगणक म्हणजे एप्रिल १९८१मध्ये आलेला 'ऑस्बोर्न १'. तो बनवणारे अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूत, रमण महर्षींच्या तिरुवन्नामलैत गेले, आणि २००३ साली त्यांचे निधन झाले तेही कोडाईकनालला. त्यांचा संगणक सुमारे ११ किलो वजनाचा होता. बंद केला की शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसे. पडदा अवघा ५ इंचांचा, किंमत १७९५ डॉलर. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की त्याच्या पोटात बॅटरी नव्हती. तो उचलून दुसऱ्या टेबलावर न्यायचा आणि तिथल्या भिंतीत पिन खुपसायची. म्हणजे उचलता येणारा संगणक जन्मला तोच टेबलावरचा संगणक म्हणून. मांडी नंतर आली.

ती आली बॅटरीमुळे. १९८५ साली तोशिबा कंपनीने 'टी ११००' हा सुमारे ४ किलोचा, पुन्हा भरता येणाऱ्या बॅटरीवर चालणारा संगणक आणला. १९९१मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि तेवढ्याच वजनात बरीच जास्त ऊर्जा साठवता येऊ लागली. (याच बॅटरीच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.) यंत्रे हलकी झाली. पण हलके यंत्र टेबलावर अपुरे पडे, कारण पडदा लहान आणि कीबोर्ड चिमुकला. यावर अ‍ॅपलने १९९२मध्ये काढलेला तोडगा आम्हांला अजूनही फार आवडतो. 'पॉवरबुक ड्युओ' हा सुमारे २ किलोचा संगणक घरी आल्यावर व्हिडिओ कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवावी तसा एका खोक्यात सरकवायचा. खोक्याला मोठा मॉनिटर आणि बाकीची जोडणी आधीच केलेली. सकाळी कॅसेट बाहेर काढली की निघालात. एकच यंत्र दोन्हीकडे चालवायची कल्पना त्यात पूर्ण होती. फक्त आतली चिप इतकी ताकदवान नव्हती, की डबा असलेल्याने तो विकून टाकावा.

आपल्याकडे त्या वेळी डबाच यायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला 'असेंबल्ड' संगणक १९९०नंतरच्या दशकात डोंबिवलीच्या घरांत शिरू लागला. दहा बाय बाराच्या खोलीत पलंग, कपाट आणि संगणकाचे टेबल यांची जी मारामारी होते, ती अनेक वाचकांना ठाऊक असेल. शिवाय टेबलाखाली आणखी एक डबा लागे, तो म्हणजे यूपीएस. २००५मध्ये वीज मंडळाची विभागणी होऊन महावितरण अस्तित्वात आली. त्यानंतरची काही वर्षे राज्यभर भारनियमनाची होती. मुंबई शहर त्यातून सुटले, पण खाडीपलीकडचे आपण सुटलो नाही. वीज गेली की यूपीएस केकाटायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत काम गुंडाळावे लागायचे.

याच सुमारास तिकडे लॅपटॉपच्या रस्त्याला दोन फाटे फुटले. इंटेलने मार्च २००३मध्ये कमी वीज खाणारी 'पेंटियम एम' ही चिप आणली. तिच्यासाठी आखलेली उष्णतेची मर्यादा २४.५ वॉट होती. टेबलावरच्या वेगवान 'पेंटियम ४'साठी हाच आकडा ८९ वॉटपर्यंत जाई. एक फाटा कमी विजेकडे गेला. दुसऱ्या फाट्यावरच्या कंपन्यांनी टेबलावरचीच पेंटियम ४ चिप उचलून जाडजूड लॅपटॉपमध्ये बसवली. अशी यंत्रे चार-चार किलोंची असत, पंखे घोंघावत आणि बॅटरी पाहता पाहता संपे. त्यांना 'डेस्कटॉप रिप्लेसमेंट', म्हणजे टेबलावरच्या संगणकाची जागा घेणारे, असे नाव पडले. त्यांचे पहिले हौशी गिऱ्हाईक म्हणजे खेळ खेळणारे. एन्व्हिडियाने नोव्हेंबर २०००मध्येच 'जीफोर्स २ गो' ही खास लॅपटॉपसाठीची ग्राफिक्स चिप जाहीर केली होती.

खेळांसाठी म्हणून शिक्षकांनी नाक मुरडायचे कारण नाही. खेळातले चित्र हलवायचे म्हणजे पडद्यावरच्या लाखो बिंदूंची गणिते एकाच वेळी करायची. ज्या चिपला हे जमते, तिला दुसरी गणितेही करायला लावता येतात. एन्व्हिडियाने 'कूडा' ही त्यासाठीची प्रणाली २००६मध्ये जाहीर केली आणि खेळाची चिप प्रयोगशाळेत शिरली. पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये बनवलेल्या 'परम ८०००' या महासंगणकाचा कमाल वेग सेकंदाला सुमारे १०० कोटी गणिती क्रिया इतका होता. आजच्या मध्यम गेमिंग लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप सेकंदाला कित्येक लाख कोटी क्रिया करते. दोन्हीकडची मोजण्याची रीत तंतोतंत एक नाही, तरीही फरक हजारो पटींचा राहतो. अभियांत्रिकीच्या मुलीला त्रिमितीय आराखडे काढायचे असोत की प्रतिमा ओळखणारा प्रोग्रॅम शिकवायचा असो, तिला हवी असलेली चिप 'गेमिंग' असे नाव लावलेल्या यंत्रातच मिळते.

२०१६मध्ये एन्व्हिडियाने लॅपटॉपच्या चिपांच्या नावापुढचे 'एम' हे अक्षर काढून टाकले. लॅपटॉपमधली चिप आता टेबलावरच्या चिपच्या जवळपास पोहोचली, असा दावा होता, आणि त्या पिढीपुरता तो बराच खराही होता. पुढे नाव तेच राहिले आणि अंतर मात्र पुन्हा वाढले. २०२२मध्ये आलेली 'आरटीएक्स ४०९०' पाहा. डब्यातल्या कार्डात १६,३८४ गणनकेंद्रे आणि ४५० वॉटची मर्यादा. त्याच नावाच्या लॅपटॉपच्या चिपमध्ये ९,७२८ केंद्रे आणि फार तर १७५ वॉट. आम्हांला यात ग्राहकाची दिशाभूल दिसते. विकत घेताना चिपच्या नावाइतकाच तिला किती वॉट मिळतात हा आकडा विचारावा.

हे सारे चालू असताना आपल्या भागात लॅपटॉप खरोखर टेबलावर स्थिरावला तो २०२०मध्ये. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि लोकल बंद झाल्या. १५ जूनपासून त्या अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या. सामान्य प्रवाशांसाठी, तेही ठरावीक वेळांत, त्या १ फेब्रुवारी २०२१ रोजी खुल्या झाल्या. ज्या गावांची सकाळच लोकलच्या वेळापत्रकाने होते, तिथे कचेरी आणि शाळा दोन्ही जेवणाच्या टेबलावर आल्या. एका खोलीत आईचे काम, दुसरीत मुलाचा वर्ग. अशा घरात टेबलाखालचा डबा हलवता येत नाही, लॅपटॉप हलवता येतो. दिवसभर तो टेबलावर डबा म्हणून राबतो आणि पाहुणे आले की मिटून कपाटात जातो. इथल्या घरांना डब्याऐवजी लॅपटॉप परवडतो तो या अर्थाने. त्याच्यासाठी मोजलेले जास्तीचे पैसे हे बऱ्याच अंशी जागेचे भाडे असते.

त्यातच १२ ऑक्टोबर २०२०चा दिवस उजाडला. कळवा आणि पडघा यांच्या दरम्यानच्या ४०० किलोव्होल्ट वाहिन्यांत बिघाड झाला आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. डबे तत्क्षणी बंद पडले. लॅपटॉप चालू राहिले, पण वीज नसल्याने घरातला वायफायचा राउटर मुका झाला होता, हेही सांगितले पाहिजे.

इथे बॅटरीचा हिशेब मांडू. विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तास आहे. म्हणून लॅपटॉपच्या बॅटऱ्या त्याच्या आतच राहतात. ८० वॉट-तासांची बॅटरी लिहिण्या-वाचण्याच्या कामात, म्हणजे १५ वॉट खर्च होत असता, पाच तास पुरते. पूर्ण ताकदीचे २०० वॉट मागितले तर गणिताने २४ मिनिटे. प्रत्यक्षात बॅटरीवर असताना यंत्र आपली ताकद आपणच आखडते घेते. तेव्हा गेमिंग लॅपटॉपची बॅटरी म्हणजे आत बसवलेला, न केकाटणारा यूपीएस समजावा. ऑस्बोर्नच्या पेटीसारखाच हाही भिंतीला बांधलेला आहे.

टेबलावर तो नीट मांडायचा तर सगळ्यात आधी उष्णतेचा विचार हवा. २०० वॉट आत गेले की ते अखेर खोलीत उष्णता होऊनच बाहेर पडतात. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो. म्हणजे खोलीत आणखी दोन माणसे येऊन बसली. चिपपासून ही उष्णता काढण्यासाठी आत तांब्याच्या चपट्या, पोकळ, बंद नळ्या असतात. त्यांना हीट पाइप म्हणतात. नळीत थोडे पाणी असते आणि हवा काढलेली असते. गरम टोकाशी पाण्याची वाफ होते, ती थंड टोकाशी जाऊन निवते आणि पाणी आतल्या सच्छिद्र अस्तरातून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखे परत येते. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत १९६३ साली जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी विकसित केली. थंड टोकाला पातळ पत्रे आणि पंखा असतो. पण पंखा ढकलतो ती खोलीतलीच हवा. चिपची मर्यादा ९५ अंश धरू. खोली २० अंश असेल तर फरक ७५ अंशांचा. ठाण्यातल्या मे महिन्याच्या दुपारी खोली ३४ अंश असेल तर तो ६१. उष्णता वाहून जाण्याचा वेग ढोबळमानाने या फरकाच्या प्रमाणात असतो, म्हणजे तो जवळजवळ एक-पंचमांशाने घटला. चिप मग स्वतःचा वेग कमी करते. यंत्र बिघडले असे समजून लोक दुरुस्तीवाल्याकडे धावतात ते याच महिन्यांत.

म्हणून यंत्राची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलावी, कारण हवा बहुधा खालून आत जाते. त्यासाठी महागडे स्टँड हवेच असे नाही, लाकडाच्या दोन पट्ट्या पुरतात. मागचे झरोके भिंतीला टेकवू नयेत. झाकण मिटून चालवण्याआधी हवा कीबोर्डमधूनही आत जाते का, ते पाहावे. वेगळा मॉनिटर हाताच्या अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत असावी. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या माना ज्या कोनात वाकलेल्या आपण टाळेबंदीत पाहिल्या, त्यावर एवढा साधा उपाय आहे. मॉनिटरची वायर शक्यतो ग्राफिक्स चिपला थेट जोडलेल्या खाचेत लावावी. २०१०पासून अनेक यंत्रांत चित्र आधी दुसऱ्या, काटकसरी चिपमधून फिरून जाते, त्यात थोडा वेग हरवतो.

बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली आणि वर गरम राहिली की लवकर म्हातारी होते. बहुतेक यंत्रांत भरण ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करावी. टचपॅड वर उचलला गेलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. मग यंत्र बंद करून जाणकाराकडे द्यावे, टोचून पाहू नये. जुन्या इमारतींत भिंतीतल्या खाचेला पुष्कळदा अर्थिंग नसते. तीन पिनांचा अ‍ॅडॉप्टर दोन पिनांच्या जोडणीतून लावला तर धातूच्या झाकणाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. अ‍ॅडॉप्टरमधल्या गाळणीच्या धारित्रांतून झिरपणारा अगदी अल्प प्रवाह जमिनीत जायला दुसरी वाट नसल्याने आपल्यातून जातो. वायरमनकडून अर्थिंग करून घेणे हाच उपाय.

वर्गासाठी एक मोजमाप सुचवतो. घरच्या विजेच्या मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी '३२०० इम्पल्स प्रति किलोवॉट-तास' असा एखादा आकडा छापलेला असतो. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. फ्रिजसह सारे काही थोडा वेळ बंद करून फक्त लॅपटॉप चालू ठेवावा, आणि बॅटरीचे भरणे पूर्ण झाले आहे याची खात्री करावी. मिनिटाला दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून त्याला १८.७५ने गुणले की वॉट मिळतात. मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर ६०,०००ला त्या आकड्याने भागून नवा गुणक काढावा. मजकूर लिहिताना मिनिटाला जेमतेम एक-दोन लुकलुक होतील, खेळ चालू असताना दहा-बारा. हेच मोजमाप डिसेंबरातल्या सकाळी आणि मे महिन्यातल्या दुपारी करून पाहावे. दोन आकड्यांत फरक पडतो का, आणि पडला तर तो कोणत्या बाजूला व का, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.